घर केव्हां बांधावें?

नवें घर बांधण्याचा काळ कोणता, हा प्रश्न आपण बहुधा ज्योतिष्याकडे नेतों. चातुर्मास टाळला, अक्षय्यतृतीया साधली, म्हणजे निर्णय झाला असें मानतों. भंडारा जिल्ह्यांतील वैनगंगेकांठच्या शेतकऱ्याचें पंचांग याहून सोपें असे. मार्गशीर्षांत धान घरीं आलें, त्याचा पैसा हातीं पडला, कीं मातीच्या भिंतींस हात घालावयाचा आणि मृगापूर्वीं कवेलू चढवून मोकळें व्हावयाचें. पीक बुडालें तर घर पुढल्या वर्षीं. या हिशेबांत सरकारचा संबंध नव्हता. तो २२ एप्रिल १९८८ रोजीं आला. त्या दिवशीं पंतप्रधान राजीव गांधी यांनीं पवनी तालुक्यांतील गोसीखुर्द येथें धरणाची कोनशिला बसविली, आणि भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील ऐंशींहून अधिक गांवांना आपलें गांवठाण सोडावें लागणार हें स्पष्ट झालें.

मुळशीच्या शेतकऱ्यांनीं १९२१ सालीं सेनापति बापटांच्या सोबतीनें दिलेला लढा वाचकांस ठाऊक आहे. तेथें गाऱ्हाणें जमीन जाण्याचें होतें. गोसीखुर्दच्या लोकांना त्या दुःखावर आणखी वाट पाहण्याचें दुःख मिळालें, आणि माझ्या मतें तेंच अधिक झिजविणारें ठरलें.

याचें मूळ १८९४ च्या भूसंपादन कायद्यांत सांपडतें. त्याच्या चौथ्या कलमाची अधिसूचना निघाली कीं त्या दिवसाचा बाजारभाव हाच जमिनीचा भाव ठरे. चोविसावें कलम याहून कठोर होतें. अधिसूचनेनंतर कलेक्टरच्या परवानगीवांचून केलेल्या सुधारणेचा मोबदला ठरवितांना विचार करूं नये, असें तें सांगे. हेतु वाईट नव्हता; भरपाईच्या लोभानें कोणी घाईघाईनें माडी चढवूं नये, एवढाच होता. परंतु परिणाम पाहावा. मुलाचें लग्न ठरलें, एक खोली वाढवावयाची आहे. ती वाढवावी तर पैसा पाण्यांत, आणि येथें तर अगदीं शब्दशः! पावसानें भिंत खचली, तर ती उभारावी कीं तशीच पडूं द्यावी? १९८४ च्या दुरुस्तीनें दिलाशाची रक्कम १५ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर नेली आणि निवाड्यास दोन वर्षांची मुदत घातली, हें खरें. पण गांव केव्हां उठवावयाचें, हें तो कायदा सांगत नसे.

महाराष्ट्रानें पुनर्वसनाचा कायदा १९७६ सालीं केला आणि पुढें १९८६ व १९९९ सालीं तो नव्यानें केला. त्यांत नव्या गांवठाणांत भूखंड, रस्ते, पाणी, शाळा यांची तरतूद आहे. भूखंड म्हणजे मात्र घर नव्हे. मोबदला येई जुन्या दरानें. विटा आणि गवंड्याची मजुरी द्यावयाची नव्या दरानें. लवकर बांधावें तर शेत दूर राही व शेजार जुन्या गांवींच असे; थांबावें तर हातची रक्कम लग्नांत नि आजारपणांत विरून जाई. लवकर बांधणारे तेवढे शहाणे आणि थांबणारे आळशी, असा निवाडा देणाऱ्यानें धरणाचाच इतिहास पाहावा. आरंभीं ३७२ कोटींचा अंदाज होता. तो पुढें अठरा हजार कोटींच्या वर गेला. २००९ सालीं प्रकल्पास राष्ट्रीय दर्जा मिळाला. विस्थापितांसाठीं सुमारें १,२०० कोटींची विशेष मदत जाहीर झाली ती २०१३ सालीं, म्हणजे कोनशिलेनंतर पंचवीस वर्षांनीं. ज्या सरकारास स्वतःच्या बांधकामाचा काळ सांगतां आला नाहीं, त्याच्या भरंवशावर शेतकऱ्यानें घराचा मुहूर्त कसा काढावा?

१ जानेवारी २०१४ पासून १८९४ चा कायदा जाऊन नवा आला. त्याच्या अडतिसाव्या कलमांत पाटबंधाऱ्यांसाठीं स्वतंत्र अट आहे: जमिनी पाण्याखालीं जाण्याच्या सहा महिने आधीं पुनर्वसन पुरें झालेंच पाहिजे. गोसीखुर्दच्या बहुतेक गांवांना तिचा उपयोग उरला नव्हता. मार्गशीर्षापासून मृगापर्यंतही सहाच महिने भरतात.