दिवाडीचा बिशप

मी इतकी वर्षं इतिहास शिकवला, पण मातेउस दि कास्त्रो हे नाव शाळेच्या पुस्तकात कधी भेटलं नाही. निवृत्तीनंतर गोव्याविषयी वाचताना भेटलं आणि मनातून जाईना. भारतात जन्मलेला हा पहिला रोमन कॅथलिक बिशप.

१५९४ च्या सुमारास, मांडवीतल्या दिवाडी बेटावर, ख्रिस्ती झालेल्या एका ब्राह्मण घरात त्याचा जन्म. मुलगा हुशार, पाद्री व्हायची इच्छा. गोव्याच्या आर्चबिशपांनी चक्क नकार दिला. का, तर हा इथला! बाप्तिस्मा द्यायला इथले चालत होते, वेदीपाशी उभे राहायला मात्र नाही.

गडी इराणमार्गे खुष्कीनं निघाला आणि १६२५ मध्ये रोमला पोचला. वेळ बरी होती. तोवर पूर्वेकडचं चर्च पोर्तुगालच्या राजाच्या मुठीत होतं, ते सोडवायला पोपनी १६२२ मध्ये प्रोपागांडा फिदे हे खातं काढलं होतं. त्याचे चिटणीस इंगोली यांचं मत असं, की त्या त्या देशातली माणसं शिकवून तयार करा. त्यांनी या गोंयकाराला शिकवलं, दीक्षा दिली.

शिकूनसवरून तो गोव्यात परतला, तर त्याची रोमची कागदपत्रं कुणी मानायला तयार नाही. पुन्हा रोम. १६३७ मध्ये तिथं तो बिशप झाला आणि आदिलशाही मुलखाची जबाबदारी त्याला मिळाली. आता गंमत बघा. ख्रिस्ती राजाच्या गोव्यात ज्याला थारा नाही, त्यानं मुसलमान सुलतानाच्या हद्दीत, डिचोलीला ठाण मांडलं. दिवाडीचा सप्तकोटेश्वरही पोर्तुगीजांमुळे डिचोलीकडच्याच नार्व्याला गेलेला. (त्याच देवळाचा पुढे १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार केला.)

डिचोलीला त्यानं स्थानिकांना पाद्री केलं. गोव्यानं ते पाद्रीही नाकारले.

पण त्याला अगदी देव्हाऱ्यात बसवू नये. तो झगडला तो मुख्यतः आपल्या जातीसाठी. १६५३ च्या त्याच्या पत्रकाचं नावच ‘ब्राह्मणांचा आरसा’! गोऱ्यांनी केलेला भेद त्याला झोंबला, घरातला दिसला नाही. आपल्याकडे हे काही नवीन नाही म्हणा. पुढच्याच वर्षी आदिलशाही फौज बारदेश-सासष्टीत घुसली, तेव्हा यानंच चिथावलं असा पोर्तुगीजांनी आरोप केला. स्वभाव तापट, त्यामुळे रोमलाही तो जड जाऊ लागला असावा. अखेर तिकडेच गेला आणि तिकडेच वारला.

मात्र त्याच्यामागे आदिलशाही मुलखाचं ते पद कुस्तोदियु दि पिन्यु या दुसऱ्या गोमंतकीयाकडेच गेलं. खुद्द गोव्याच्या आर्चबिशपपदी गोव्याचा माणूस, राउल गोन्साल्विस, बसायला १९७८ साल उजाडलं.