जुन्या व्हिडिओ गेमची खरेदी कितपत योग्य?

वापरलेल्या व्हिडिओ गेमची डिस्क स्वस्तात घेणे म्हणजे तो घडवणाऱ्यांच्या श्रमांवर डल्ला मारणे, असा आक्षेप घेतला जातो. पुनर्विक्रीतून निर्मात्याच्या पदरी काहीच पडत नाही, हे खरेच. पण जुन्या पुस्तकांचेही तसेच आहे, आणि मुंबईत फाउंटनच्या पदपथावर पुस्तके चाळणाऱ्याला कोणी चोर ठरवत नाही.

भारतीय कायद्याचा कलही याच बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील १९९४ च्या दुरुस्तीनुसार संगणक प्रणालीची प्रत एकदा विकली गेल्यावरही तिच्या पुढील विक्रीवर निर्मात्याचा हक्क राहत असे. ते शब्द १९९९ च्या दुरुस्तीने वगळले. चित्रपटांबाबतचे तसेच शब्द २०१२ मध्ये गेले. व्यवसाय म्हणून डिस्क भाड्याने देण्याचा हक्क मात्र आजही निर्मात्याचाच आहे.

प्लेस्टेशन ५ च्या मोठ्या गेमची छापील किंमत पाच हजार रुपयांच्या घरात असते. गोंदिया–जबलपूर रेल्वेमार्गावरील बालाघाटसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्या विद्यार्थ्याला ती परवडणे कठीण. इंटरनेटवरून उतरवून घ्यावा, तर एकेक गेम पन्नास-शंभर जीबीचा. अशा मुलाने जुनी डिस्क घेतली म्हणून निर्मात्याचे गिऱ्हाईक बुडाले, असे म्हणता येत नाही. नवी डिस्क तो घेणारच नव्हता. उलट, ती विकणाऱ्याच्या हाती पुढच्या नव्या गेमसाठी पैसे येतात.

लहान निर्मात्यांचे काय? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या चमूने ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ हा गेम २०२० मध्ये आणला. त्याआधी लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न फसला होता. अशा चमूंची विक्री मुख्यतः डाउनलोडवर चालते, आणि डाउनलोड केलेला गेम ग्राहकाला पुढे विकताच येत नाही. म्हणजे जुन्या डिस्कच्या बाजाराची झळ प्रामुख्याने बड्या प्रकाशकांनाच लागते. त्यांनी तो रोखण्याचा प्रयत्नही करून पाहिला. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये एक्सबॉक्स वनसाठी पुनर्विक्रीवर निर्बंध जाहीर केले. ग्राहक असे खवळले की त्याच वर्षी जूनमध्ये ते मागे घ्यावे लागले.

पॅरिसच्या न्यायालयाने २०१९ मध्ये स्टीमवरील गेम विकण्याची मुभा ग्राहकांना असावी, असा निर्णय दिला होता; २०२२ मध्ये अपिलात तो फिरला. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून, ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल तर ते स्पष्ट न सांगता ‘विकत घ्या’ असे म्हणता येत नाही. डिस्क घेणाऱ्याकडे निदान हातात धरण्याजोगी वस्तू असते.

गैरप्रकार आहेत, ते वेगळेच. ‘जुनी’ म्हणून विकली जाणारी नक्कल केलेली डिस्क ही सरळ चोरी आहे. घरच्या रायटरवर लिहिलेली, हाताने नाव टाकलेली डिस्क ओळखणे अवघड नाही. चोरीचा कन्सोल संशयास्पद स्वस्त मिळतो, आणि विकणारा बिल दाखवत नाही. समाजमाध्यमांवर गेमसकट विकली जाणारी खाती त्याहून फसवी. खाते दुसऱ्याला विकण्यास कंपन्यांच्या अटींत मनाई असते, आणि मूळ मालकाने पासवर्ड परत मिळवला की पैसेही गेले, गेमही गेला. तक्रार कोणाकडे करणार?