माळ कुणाचा, विचारायचं कुणाला

सोलापुरात आमच्या शुक्रवार पेठेत अजून गिरणीच्या भोंग्याच्या आठवणी निघतात. जुनी मिल १८७७ सालची. चिमणी कुठं उभारायची, धूर कुणाच्या अंगणात उतरणार, हे पेठांना विचारायची तेव्हा रीतच नव्हती. मी ईआयएच्या, म्हणजे पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या कामात प्रकल्पाच्या दहा किलोमीटर परिघातल्या गावांतून घरोघरी पाहणी करते. म्हणून लोकांना विचारायची ही रीत आली कशी, याचा मी सतत शोध घेत असते.

ती भांडून आली. १९२१ साली मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध मावळे उभे राहिले, सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्यांच्या पुढं होते. धरण झालंच. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात हरकती ऐकून घेण्याचं कलम १९२३ मध्ये आलं, पण ते जमिनीत कायदेशीर हक्क असणाऱ्यांपुरतं. मजूर, मेंढपाळ, नदीवर मासे धरणारा त्यात बसत नव्हता. पुढं भीमेवर उजनी उभं राहिलं, १९८० मध्ये पूर्ण झालं, करमाळा-इंदापूरकडची गावं पाण्याखाली गेली. मध्येच, १९७६ मध्ये, महाराष्ट्रानं पुनर्वसनाचा कायदा केला होता. उठलेलं गाव कुठं बसवायचं ते त्यात होतं. गाव उठवायचं का, हा प्रश्न नव्हता.

मला मात्र सगळ्यात जास्त शिकवलं ते सोलापूरजवळच्या नान्नजनं. सत्तरच्या दशकात सोलापूरचे पक्षिअभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी तिथल्या माळावरच्या माळढोक पक्ष्याकडं लक्ष वेधलं. १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं ते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत पसरलेलं. त्यात नांदती गावं आली, पिकाखालची शेतं आली. जमिनीचे व्यवहार अडू लागले, बांधकामं अडली, आणि ज्या पक्ष्याबरोबर लोक पिढ्यान्‌पिढ्या राहिले होते तोच त्यांना अडचण वाटू लागला. अखेर क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. तोवर माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला होता. त्याला कारणं बरीच आहेत: माळ नांगराखाली गेले, ऊस आला, विजेच्या तारा आल्या. पण कारखानदार आणि सरकार लोकांना विचारत नाहीत असं म्हणणाऱ्या आम्हा पर्यावरणवाल्यांच्या बाजूनंही माळावरच्या माणसाला विचारलं नव्हतं, हे मला विसरता येत नाही. नकाशा पुण्या-मुंबईकडं आखला की तो धरणाचा आहे की पक्ष्याचा, यानं गावाला काय फरक पडतो?

लोकांना विचारायची कागदावरची रीत अभयारण्य जाहीर झाल्यानंतरची. ईआयएची अधिसूचना २७ जानेवारी १९९४ ची. जाहीर लोकसुनावणी तिच्यात सक्तीची झाली ती १९९७ च्या दुरुस्तीनं. २००६ च्या अधिसूचनेनं तिचं सविस्तर रूप ठरवलं. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत हवा. किमान ३० दिवसांची सूचना वर्तमानपत्रांतून द्यायची. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा अपर जिल्हाधिकाऱ्याहून कमी दर्जाचा नसलेला प्रतिनिधी. चित्रीकरण सक्तीचं. मात्र गणसंख्येची अट नाही, म्हणजे मंडपात मोजकी माणसं असली तरी सुनावणी भरते. मंजूर औद्योगिक वसाहतींतल्या प्रकल्पांना तर सुनावणीतून सूटच मिळाली.

माझ्या मते खरी उणीव याच्याही आधीची आहे. सुनावणी होते ती अहवालाचा मसुदा तयार झाल्यावर. त्यात गावाचं काय लिहिलं जातं, ते आमच्या पाहणीवर ठरतं, आणि पाहणी बहुतेकदा दुपारी होते. तेव्हा बायका खुरपणीला गेलेल्या असतात, मेंढ्या लांबच्या माळावर. घरी भेटतात ती म्हातारी माणसं, नाहीतर सरपंचांनी पुढं केलेली. आमच्या फॉर्मात सातबाऱ्यावरच्या एकरांना रकाना असतो. चराईच्या वाटेला नसतो. मग अहवालात तो माळ ‘पडीक’ म्हणून नोंदला जातो, आणि धनगर सुनावणीला आला तरी त्याचं म्हणणं कुठल्या तक्त्याशी जोडायचं हेच कुणाला कळत नाही.

आता मी दिवेलागणीनंतर जाते. बायकांशी वेगळं बोलते. चराईच्या वाटा मेंढपाळांनाच काढायला लावते आणि तो कागद अहवालाला जोडावा म्हणून हट्ट धरते. कधी जोडला जातो, कधी नाही. गावातल्या तरुणांना एक गोष्ट आवर्जून सांगते: सुनावणीचं इतिवृत्त स्थानिक भाषेत तिथंच वाचून दाखवायचं असतं, आणि नंतर ग्रामपंचायतीत लावायचं असतं. वाचून झाल्याशिवाय मंडपातून उठू नका, आणि आपण बोललो ते त्यात उतरलं नसेल तर सही होण्याआधी उभं राहून सांगा.