१. झुरळबाई मार्तिना
स्पॅनिशमध्ये झुरळ स्त्रीलिंगी, त्यामुळे मार्तिना तिथे सहजच उपवर मुलगी होते. मराठीत ते नपुंसकलिंगी, म्हणून अनुवादात ‘बाई’ जोडावे लागले. प्वेर्तो रिकोतली ही गोष्ट पुरा बेल्प्रे यांनी आजीकडून ऐकली होती. १९२१पासून न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात काम करताना तिथल्या बालविभागात आपल्या बेटाची एकही लोककथा त्यांना दिसेना. मग त्या ही गोष्ट मुलांना तोंडी सांगू लागल्या. १९३२मध्ये तिचे सचित्र पुस्तक निघाले. मार्तिनाचा नवरा पेरेस उंदीर शेवटी उकळत्या भांड्यात पडून मरतो. लहानांसाठी हा शेवट गोड करण्याचा मोह होतो खरा, पण आम्ही त्याला हात लावलेला नाही. मार्तिनाच्या रडण्यावाचून ही गोष्ट तिची उरत नाही.