हरवलेला तोल आणि यंत्राचा हात

अर्धांगवायूतून वाचलेला माणूस पुन्हा चालू लागतो, तेव्हा त्याचे पाऊल लोंबते, बोटे जमिनीला अडखळतात आणि तोल जातो. यावर १९६१ साली अमेरिकेत लिबरसन यांनी एक युक्ती योजली. बुटाच्या टाचेखाली त्यांनी कळ बसविली. टाच उचलली की गुडघ्याजवळच्या मज्जातंतूला विजेचा सौम्य झटका बसे व पाऊल वर उचलले जाई.

पुढे १९६९च्या सुमारास बेलग्रेडच्या पुपिन संस्थेत वुकोब्रातोविच यांनी अंगावर चढवावयाचे चालते सांगाडे घडविले. त्यांचा रोख मात्र दोन्ही पाय लुळे पडलेल्यांकडे होता. अर्धांगवायूच्या रोग्याची एक बाजू शाबूत असते. त्याला उचलून नेणारे यंत्र नको, हात देणारे हवे.

हार्वर्डमध्ये कॉनर वॉल्श यांच्या चमूने कापडी पट्टे व तारा यांचा मऊ पोशाख केला. चालताना नेमक्या क्षणी तार घोट्याला ओढ देते. त्यातून निघालेल्या ‘रीस्टोअर’ला २०१९ साली अमेरिकेत मान्यता मिळाली.

तोल केवळ पायांत नसतो. तो मेंदूला पुन्हा शिकावा लागतो, आणि शिकणे स्वतःच्या प्रयत्नानेच घडते. सारे यंत्रानेच केले, तर शिकावयाचे कोणी? साठ वर्षांच्या या इतिहासाचे सार एवढेच, की चांगला आधार माणसाला चालवीत नाही, चालू देतो.