गोठलेलं सरोवर, गढूळ पाणी: बर्फाखालचा पर्च गळाला कसा लागतो?

अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरच्या ईरी सरोवरात हिवाळ्यात पुरेसा बर्फ जमला की मासेमारीचे शौकीन त्यावर तंबू ठोकतात. गिरमिटासारख्या ऑगरने बर्फाला भोक पाडायचं आणि त्यातून गळ सोडायचा, अशी ही पद्धत. अनेकांना हवा असतो तो यलो पर्च हा चविष्ट मासा. पण पाणी गढूळ असेल तर तासन्‌तास बसूनही काही हाती लागत नाही. असं का होतं? त्यावर उपाय काय? आणि या गढूळपणाकडे धोक्याची सूचना म्हणून का पाहायला हवं?

पर्च कसा असतो?

यलो पर्च हा गोड्या पाण्यातला पिवळसर मासा. अंगावर सहा ते आठ गडद उभे पट्टे आणि साधारण वीतभर लांबी. तो थव्याने फिरतो आणि बराचसा वेळ तळाजवळ असतो. भक्ष्य तो मुख्यतः डोळ्यांनी शोधतो, म्हणून दिवसा खातो आणि अंधार पडला की शांत होतो. त्याच्याच कुळातल्या वॉलआय माशाच्या डोळ्यात मांजरासारखा प्रकाश परावर्तित करणारा थर असतो, त्यामुळे त्याला अंधुक पाण्यातही चांगलं दिसतं. पर्चच्या डोळ्यात असा थर नसतो. गढूळ पाण्यात तो गळाला लागत नाही, यामागचं हे मोठं कारण.

हिवाळ्यात पाणी गढूळ का होतं?

पंचमहासरोवरांपैकी ईरी सर्वांत उथळ आहे. त्याची सरासरी खोली 19 मीटर, तर पश्चिम भागाची जेमतेम 7 मीटर आहे. बर्फ नसताना जोराचा वारा सुटला की लाटांमुळे तळाचा गाळ ढवळून वर येतो.

दुसरं कारण म्हणजे मॉमी नदी. ती टोलीडो शहराजवळ सरोवराला मिळते. तिच्या खोऱ्यातली बरीचशी शेती पूर्वीच्या दलदलीच्या, चिकणमातीच्या जमिनीवर आहे. भर हिवाळ्यात तापमान वाढून बर्फ वितळला किंवा पाऊस झाला की ही माती नदीवाटे सरोवरात येते. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर नदीला येतं तसं तांबूस पाणी तिथे जानेवारीतही दिसू शकतं.

सरोवर गोठल्यावर वाऱ्याचा पाण्याशी संबंध तुटतो, लाटा थांबतात आणि गाळ हळूहळू खाली बसतो. पण चिकणमातीचे कण अतिशय बारीक असल्याने त्याला बरेच दिवस लागू शकतात.

मग मासे तिथून निघून जातात का?

बऱ्याचदा मासे तिथेच असतात, त्यांना आमिष दिसत नाही इतकंच. त्यात थंडीची भर पडते. बर्फाखालचं पाणी साधारण 0 ते 4 अंश सेल्सिअस असतं. माशाचं शरीर पाण्याइतकंच थंड राहत असल्याने त्याचं पचन मंदावतं आणि तो लांबवर पाठलाग करत नाही. म्हणजे आमिष त्याच्या अगदी तोंडाजवळ जायला हवं आणि ते तिथे आहे हे त्याला कळायलाही हवं.

गळ कसा लावतात?

सर्वांत आधी पाणी किती गढूळ आहे हे तपासतात. पांढऱ्या रंगाचं कृत्रिम आमिष भोकातून खाली सोडायचं आणि ते किती खोलीवर दिसेनासं होतं ते पाहायचं. पाण्याची पारदर्शकता मोजणारी सेकी तबकडी याच तत्त्वावर चालते आणि ती 1865 पासून वापरात आहे. आमिष वीतभर खोलीवरच दिसेनासं झालं तर जागा बदललेली बरी. गढूळ आणि स्वच्छ पाणी जिथे मिळतं, त्या सीमेच्या स्वच्छ बाजूला प्रयत्न केल्यास मासा मिळण्याची शक्यता वाढते.

जागा बदलणं शक्य नसेल तर माशाच्या इतर संवेदनांचा उपयोग करतात:

• रंग: मातकट पाण्यात निळा प्रकाश लवकर नाहीसा होतो, पिवळा आणि नारिंगी त्यामानाने खोलवर जातो. म्हणून झगझगीत पोपटी, नारिंगी किंवा अंधारात चमकणारी आमिषं वापरतात.

• कंपनं: माशाच्या दोन्ही बाजूंना कंपनं टिपणारी पार्श्वरेषा असते. आत छर्रे असलेलं, खुळखुळणारं आमिष किंवा पातळ धातूचा चमचा हलवला की माशाला त्याची चाहूल लागते.

• वास: गळाला एमराल्ड शायनरसारखी छोटी मासळी किंवा तिचा तुकडा लावतात.

• संथपणा: आमिष तळावर हलकेच आपटून थोडा गाळ उडवायचा, मग ते वीतभर वर आणून स्थिर धरायचं. गढूळ पाण्यात सतत झटके दिले तर माशाला नेम साधता येत नाही.

पाण्याखालचा कॅमेरा इथे फारसा उपयोगी पडत नाही. सोनार मात्र ध्वनिलहरींवर चालतं, त्यामुळे गढूळ पाण्यातही ते तळाजवळचा थवा दाखवतं. थंडीतला पर्च आमिष हलकेच टिपतो. ते कळावं म्हणून काठी आखूड आणि टोकाला लवचीक असते.

गढूळ पाणी धोक्याची सूचना कशी?

बर्फाखाली अचानक गढूळ पाणी आलं, तर नदीचा प्रवाह वाढला असण्याची किंवा जवळपास बर्फ फुटून पाणी उघडं पडलं असण्याची शक्यता असते. दोन्हींमुळे बर्फ कमकुवत होतो. नदीच्या मुखाशी तर काही पावलांच्या अंतरातही बर्फाची जाडी बदलू शकते.

चालण्यासाठी किमान 10 सेंटिमीटर जाडीचा, पारदर्शक आणि नवा बर्फ हवा, असं सर्वसाधारण मार्गदर्शन आहे. पांढरा, हिममिश्रित बर्फ असेल तर जाडी दुप्पट हवी. करड्या रंगाच्या बर्फावर पाऊल ठेवू नये. तरीही कोणताच बर्फ पूर्ण सुरक्षित मानला जात नाही.

बर्फ जाड असला तरी वाऱ्याचा धोका उरतोच. फेब्रुवारी 2009 मध्ये ओहायोच्या किनाऱ्याजवळ वाऱ्यामुळे बर्फाचा प्रचंड तुकडा किनाऱ्यापासून सुटला. त्यावर अडकलेल्या शंभराहून अधिक जणांची सुटका करण्यात आली, पण एकाचा मृत्यू झाला. म्हणूनच अनुभवी मंडळी वाऱ्याची दिशा पाहूनच निघतात, अंगावर तरंगणारं जाकीट घालतात आणि पाण्यात पडल्यास बर्फात रोवून वर येता यावं म्हणून टोकदार खुंट्या गळ्यात अडकवतात.

हिवाळाच आखूड झाला तर?

फेब्रुवारी 2024 मध्ये पंचमहासरोवरांवरचं बर्फाचं आच्छादन त्या काळासाठी विक्रमी कमी होतं. बर्फ नसला की सरोवरावर बसून गळ टाकता येत नाही आणि उघडं पाणी वाऱ्याने ढवळत राहतं. पर्चसाठी याहून मोठा प्रश्न पुढच्या पिढीचा आहे. मादीच्या पोटातली अंडी नीट वाढण्यासाठी लांब, थंड हिवाळा लागतो. ईरीतल्या पर्चवरील संशोधनात असं दिसलं, की आखूड आणि उबदार हिवाळ्यानंतर अंडी लहान निघतात आणि त्यातून कमी पिल्लं बाहेर येतात.

गढूळ पाण्याची मात्र दुसरी बाजूही आहे. वसंतात मॉमी नदीच्या मातकट पाण्यात वाढणारी पिल्लं मोठ्या माशांच्या नजरेतून काही प्रमाणात वाचतात. हिवाळ्यात पर्चला आमिष दिसू न देणारा हाच गाळ त्याच्या पिल्लांना आसरा देतो.