आर्थर ॲश : कोर्टावरचा विजेता, इतिहासाचा लेखक

न्यूयॉर्कमध्ये यू. एस. ओपनचा अंतिम सामना ज्या स्टेडियममध्ये होतो, त्याला आर्थर ॲश यांचे नाव आहे. आपली मुले ते नाव टीव्हीवर वाचतात. त्यामागचा माणूसही त्यांना ठाऊक असावा.

ॲश यांचा जन्म १० जुलै १९४३ रोजी व्हर्जिनियातील रिचमंड येथे झाला. वडील कृष्णवर्णीयांसाठी राखून ठेवलेल्या उद्यानाची देखभाल करीत आणि कुटुंब तेथेच राहत असे. सहाव्या वर्षी मातृछत्र हरपले. घरासमोरच्या कोर्टांवर आर्थर टेनिस शिकले. गोऱ्यांच्या कोर्टांवर मात्र त्यांना मज्जाव होता. पुढे लिंचबर्गचे डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन यांनी त्यांना घडविले. विम्बल्डन जिंकणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडू अल्थिया गिब्सन यांनाही त्यांचेच मार्गदर्शन लाभले होते. रेषेच्या किंचित बाहेर पडलेला चेंडूही आत धरून खेळावा, वाद घालू नये, अशी डॉक्टरांची शिकवण होती. ही लाचारी नव्हती. स्पर्धेतून हाकलण्यास कोणाला निमित्तच मिळू नये, यासाठीची ती दक्षता होती.

१९६३ मध्ये अमेरिकेच्या डेव्हिस चषक संघात निवड झालेले ते पहिले कृष्णवर्णीय ठरले. १९६८ मध्ये त्यांनी पहिली यू. एस. ओपन जिंकली. त्या वेळी ते सैन्यात अधिकारी होते आणि हौशी खेळाडू म्हणून नोंदलेले होते. म्हणून १४,००० डॉलरचे पारितोषिक पराभूत टॉम ओकर यांना मिळाले. विजेत्याच्या हाती पडला तो दिवसाला २० डॉलरचा भत्ता. १९७० मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. १९७५ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात जिमी कॉनर्स यांच्या वेगाला वेगाने उत्तर न देता त्यांनी संथ, खाली राहणारे चेंडू टाकले आणि ६-१, ६-१, ५-७, ६-४ असा विजय मिळविला. या तिन्ही स्पर्धांचे पुरुष एकेरीचे विजेतेपद प्रथमच एका कृष्णवर्णीयाकडे आले.

दक्षिण आफ्रिकेने त्यांना १९६९ आणि १९७० मध्ये व्हिसा नाकारला. १९७३ मध्ये तो मिळाला, तेव्हा प्रेक्षकांत वर्णावरून विभागणी नको, अशी अट घालूनच ते तेथे खेळले. तेथे खेळल्याने वर्णद्वेषी राजवटीला प्रतिष्ठा मिळते, अशी टीका खुद्द कृष्णवर्णीयांनीही केली. पुढे १९८५ मध्ये वॉशिंग्टनमधील दक्षिण आफ्रिकेच्या दूतावासासमोर निदर्शने करताना त्यांनी अटक करवून घेतली.

हृदयविकारामुळे १९८० मध्ये ते निवृत्त झाले. त्यानंतर एका महाविद्यालयात कृष्णवर्णीय खेळाडूंचा इतिहास शिकविण्याची वेळ आली, तेव्हा त्या विषयावर पुरेसे ग्रंथच नाहीत, हे त्यांच्या ध्यानी आले. मग पदरचा पैसा घालून, साहाय्यक नेमून, अनेक वर्षांच्या संशोधनातून त्यांनी ‘अ हार्ड रोड टू ग्लोरी’ हा तीन खंडांचा इतिहास १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांची नोंदच कोणी ठेवली नव्हती, अशा माणसांना त्यांनी नाव दिले. चषक एका घरात राहतो. असा इतिहास साऱ्या समाजाचा होतो.

रक्तसंक्रमणातून झालेल्या एचआयव्ही संसर्गामुळे ६ फेब्रुवारी १९९३ रोजी, वयाच्या अवघ्या ४९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९९६ मध्ये रिचमंडच्या मॉन्युमेंट ॲव्हेन्यूवर, गुलामगिरीसाठी लढलेल्या सेनानींच्या रांगेत, त्यांचा पुतळा उभा राहिला : एका हातात रॅकेट, दुसऱ्या हातात पुस्तके आणि भोवती मुले. २०२० आणि २०२१ मध्ये ते सेनानी तेथून हटले. ॲश आजही तेथेच उभे आहेत.